साता समुद्रांपलीकडचा पाहुणा

चिटणिसाला कुणी 'अहो' म्हटलेलं खपत नसे, म्हणून आपणही त्याला 'तो'च म्हणू. पन्नाशी उलटलेली, कानशिलावरचे केस पांढरे, डोक्यावरचे पांढरे व्हायलाही उरले नव्हते. आणि तरी तरुण मंडळाचा चिटणीस तोच. मंडळ सुरू झालं तेव्हा तो खरोखरच तरुण होता, याला साक्षीदार आहेत. पुढे बरोबरीच्यांची लग्नं झाली, पोटं सुटली आणि 'हल्ली जमत नाही रे' असं म्हणत एकेक जण गळत गेला. याचं लग्न जमलं नाही आणि मंडळ सुटलं नाही. तो राहायचा मोठ्या बहिणीकडे. ती ताई भाजी निवडता निवडता म्हणायची, "तुमच्यात तरुण तेवढं मंडळ राहिलंय."

दिवसभर तो चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासायचा आणि फ्रेममध्ये बसवायचा. नजर काचेवर, पण चित्त मंडळात. संध्याकाळी शटर खाली आलं की त्याचा हात आपोआप पँटच्या खिशाकडे जायचा, कारण तिथे मंडळाच्या खोलीची किल्ली असायची. खोलीत एक टेबल, एक कॅरम बोर्ड आणि मोडका पंखा, एवढाच ऐवज. पण ती खोली उघडून दिवा लावला की चिटणिसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. ती नसती तर संध्याकाळचं काय करायचं, हा विचार त्याला सोसत नसे, म्हणून तो करतच नसे.

मंडळाकडे स्वतःच्या खुर्च्या मात्र कधीच नव्हत्या. कार्यक्रम असला की घराघरातून खुर्च्या गोळा करायच्या, ही पहिल्यापासूनची पद्धत. सुरुवातीला व्हायचं काय, की जो तो खोलीलगतच्या सभागृहात शिरून आपापली खुर्ची शोधायचा आणि तिच्यावर ठाण मांडायचा. शेजारचं कुणी आधीच बसलेलं असलं तर, "उठा, ही आमची आहे." एकदा तर स्वागतगीत चालू असताना दोन कुटुंबं एका वेताच्या खुर्चीवरून हातघाईवर आली. तेव्हा चिटणिसाने नियम केला, की आपण दिलेल्या खुर्चीवर आपण बसायचं नाही. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसायचं. हा नियम एवढा रुजला, की पाहुणे म्हणून आलेली मंडळीसुद्धा बसण्याआधी विचारायची, "ही आमची नाही ना?" फक्त एक सवय काही केल्या गेली नाही. दारातून आत येताना प्रत्येक जण थबकायचा आणि आपली खुर्ची कुठे ठेवलीय, तिच्यावर कोण बसलंय, जपून बसलंय की आदळून, हे बघून घ्यायचा. त्यामुळे दारात नेहमी चेंगराचेंगरी. चिटणीस घसा कोरडा होईपर्यंत 'आत या, आत या' करायचा आणि कुणी ढिम्म हलायचं नाही.

यंदा मंडळाला अध्यक्षा मिळाली. औषधाच्या दुकानवाल्याची मुलगी, नुकतीच पदवी घेतलेली, तोंडाने फटकळ पण मनाने सरळ. तिचा बाप एकेकाळी चिटणिसाबरोबर पताका चिकटवायचा. पहिल्याच सभेत ती म्हणाली, "काका, मंडळाच्या घटनेत लिहिलंय की सभासदाचं वय पस्तिशीच्या आत हवं."

मंडळात आजवर त्याला कुणी काका म्हटलं नव्हतं. तिथे सगळे अरे-तुरेच.

"ती ओळ मीच लिहिलीय," चिटणीस म्हणाला. "तेव्हा पस्तीस म्हणजे अगदी म्हातारं वाटायचं."

"आम्ही तुम्हाला सल्लागार करतो ना."

सल्लागार म्हणजे ज्याचा फोटो पत्रिकेवर छापतात आणि ज्याला सल्ला कुणी विचारत नाही. चिटणिसाने कितीतरी जणांना स्वतःच्या हाताने सल्लागार केलं होतं, त्यामुळे त्याला ते पक्कं ठाऊक होतं. सभा पुढच्या विषयाकडे वळली: यंदाचा कार्यक्रम, जगातल्या संस्कृती आणि आंतरराष्ट्रीय मैत्री.

विषय सगळ्यांना पसंत पडला. नाच, वेशभूषा, भाषणं, भराभर ठरत गेलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "पण मैत्री आंतरराष्ट्रीय म्हणायची, तर एखादा परदेशी मित्र नको का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एकाचा मावसभाऊ परदेशात होता, पण तो गेली काही वर्षं इकडच्या कुणाशी बोलत नव्हता, आणि शेवटी तो आपलाच.

"माझा आहे एक," चिटणीस म्हणाला.

"काय?"

"परदेशी मित्र. रोज भेटतो. आणतो मी त्याला." आणि मग त्याने संधी साधली. "तो आला, तर चिटणीस मीच राहणार. नाही आला, तर त्याच दिवशी किल्ली तुझ्या हातात."

अध्यक्षेने सगळ्यांकडे पाहिलं. कुणाचाच विश्वास बसला नव्हता. "चालेल," ती म्हणाली.

आता हा मित्र कसा मिळाला, ते सांगायला हवं. सभेच्या आठवडाभर आधी एका दुपारी दुकानाचे मालक जेवायला गेले होते आणि एक उंच, घाऱ्या डोळ्यांचा माणूस तुटका चष्मा घेऊन आला. डोक्यावर काठाची हॅट, गळ्याला रेशमी रुमाल. तोंडातून शब्द नाही. चिटणिसाने त्याला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं आणि म्हटलं, "वाचा." तो वाचेना. मान हलवली, गळ्याकडे बोट केलं. चिटणिसाने त्याला पाणी दिलं. तो प्यायला आणि पुन्हा मान हलवली. अगदी वरचं, ताटाएवढं अक्षरसुद्धा वाचेना! तेव्हा चिटणिसाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की याला आपली अक्षरंच येत नाहीत. हा परदेशी आहे.

मग त्याने दुसरा तक्ता काढला. अक्षर न येणाऱ्यांसाठी असतो तो. त्यावर नुसत्या फणीसारख्या तीन दात्यांच्या खुणा, कुठे दाते वर, कुठे खाली, कुठे बाजूला. बघणाऱ्याने तीन बोटं त्या दिशेला धरून दाखवायची. पाहुण्याने फटाफट दाखवली. चिटणीस खूश झाला. त्या क्षणी त्याने आपलं बोलणं बंद केलं, कारण समजत नसलेल्या माणसासमोर बडबड करणं त्याला असभ्यपणाचं वाटलं, आणि सगळा व्यवहार खाणाखुणांनी केला. जाताना त्या माणसाने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तो चष्मा न्यायला आला. तिसऱ्या दिवशी नुसताच आला. दुकानाबाहेरच्या बाकावर बुद्धिबळ मांडायचं ठरलं. पटातला एक हत्ती हरवला होता, त्याच्या जागी स्क्रूची डबी. तासभर डाव, मग चिटणीस मंडळात. हळूहळू दोघांची एक भाषाच झाली. तीन बोटं खाली म्हणजे 'बस', बाजूला म्हणजे 'निघू या', वर म्हणजे 'चहा मागव'. नाक खाजवलं म्हणजे 'वजीर सांभाळ'. आयुष्यात इतकं कमी बोलून इतकी छान सोबत चिटणिसाला कधी मिळाली नव्हती. ताईची सोबत होती, पण तिथे बोलणं ऐकावं लागायचं.

एक घोळ मात्र होऊन बसला होता. मित्र कुठल्या देशाचा, हे चिटणिसाने पहिल्या दिवशी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारणं जरा उशिराचं वाटलं, आणि महिन्याने विचारायचं म्हणजे 'तू कोण बुवा?' असं म्हणण्यासारखं. त्याला तोंड नव्हतं विचारायला. अध्यक्षा रोज मागे लागायची, "काका, देश सांगा. फलक रंगवायचाय."

"वेळेवर कळेल."

"झेंडा कुठला शिवायचा?"

"तो साधा माणूस आहे. त्याला झेंडाबिंडा आवडत नाही."

शेवटी फलकावर 'साता समुद्रांपलीकडच्या मित्राचे स्वागत' असं रंगवलं. रंगवणारा म्हणाला, समुद्र सातच ना, नक्की? चिटणीस म्हणाला, तू रंगव.

इकडे तालमींना रंग चढला होता. मैत्री हा विषय घेतल्यापासून मंडळात जेवढी भांडणं झाली, तेवढी आजवर झाली नव्हती. देश चिठ्ठ्या टाकून वाटले होते. जपानला नाचायला जास्त वेळ दिला म्हणून ब्राझीलने त्याच्याशी बोलणं सोडलं. इजिप्तच्या आईने घरचा पडदा द्यायला नकार दिला, तेव्हा इजिप्तने ग्रीसची चादर ढापली, आणि ग्रीस रडत घरी गेला. चिटणीस एकेकाला समजावत घरोघर फिरत होता. "अरे, मैत्री दाखवायची आहे. तेवढ्यापुरतं तरी बोला." हे सगळं करताना तो इतका खुशीत असायचा, की ताईने विचारलं, "पगार वाढला की काय?"

मित्राला आमंत्रण देणं सोपं नव्हतं. चिटणिसाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख दाखवली, मंडळाच्या सभागृहाकडे हात केला, टाळ्या वाजवल्या, हार घातल्यासारखं केलं, खुर्ची ओढून तिच्यावर बसून दाखवलं. मित्राने सगळं नीट पाहिलं आणि जोरात मान डोलावली. चिटणिसाच्या जिवात जीव आला.

कार्यक्रम दुपारचा होता. सकाळपासून गल्लीत खुर्च्यांची रांग लागलेली. कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या हातात, कुणाच्या सायकलवर. चिटणिसाने ताईच्या स्वयंपाकघरातली खुर्चीसुद्धा आणली. ती म्हणाली, "मग मी तिथे येऊन कशावर बसू?" तो म्हणाला, "दुसऱ्याच्या." ठरलेली वेळ झाली. पाहुणा नाही. अध्यक्षा दाराशी उभी राहून एकदा रस्त्याकडे आणि एकदा चिटणिसाच्या खिशाकडे बघत होती. चिटणिसाने खिशात हात घालून किल्ली घट्ट धरली. तळहाताला घाम आला होता.

आणि कोपऱ्यावर हॅट दिसली. हॅटच्या वर एक खुर्ची. पाहुणा डोक्यावर खुर्ची घेऊन, घामाघूम होऊन, हसत येत होता.

अध्यक्षा थक्क झाली. पण मुलगी हुशार. तिने धावत जाऊन माईक पकडला. "मंडळी, आपल्या पाहुण्यांच्या देशात अशी सुंदर प्रथा आहे, की पाहुणा स्वतःची खुर्ची स्वतः घेऊन येतो!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "किती प्रगत लोक आहेत बघा." यातलं काही नीट ऐकू न आलेल्या पाहुण्याला दारातून मंचावर नेलं. तो स्वतःच्याच खुर्चीवर बसला. नियमाप्रमाणे ते चुकीचं होतं, पण चिटणिसाने परदेशी म्हणून सूट दिली. आता किल्ली आपलीच, हे त्याला कळून चुकलं होतं. त्याने खिशातला हात बाहेर काढला आणि रुमालाने पुसला.

कार्यक्रम सुरू होईना, कारण दारात नेहमीसारखी गर्दी तुंबली होती. ज्याची त्याची नजर आपल्या खुर्चीवर. माणसं मागून रेटत होती, पुढची हलत नव्हती. चिटणीस ओरडला, अध्यक्षा माईकवर ओरडली, इजिप्त आणि ग्रीस पहिल्यांदाच एका सुरात ओरडले. उपयोग शून्य.

मंचावरचा पाहुणा अस्वस्थ झाला. त्याने एकदा दाराकडे पाहिलं, खुर्चीची पाठ धरली. मग तो उठला आणि त्याच्या गळ्यातून एक घोगरा, पण सगळं सभागृह दणाणून सोडणारा आवाज निघाला:

"चला, पुढे चला! दारात कुणी थांबू नका! पुढे सगळी जागा मोकळी आहे! ओ पिवळा शर्ट, पुढे सरका! मावशी, पिशवी मांडीवर घ्या!"

आणि लोक सरकले. पिवळा शर्ट सरकला, मावशींनी पिशवी मांडीवर घेतली. बघता बघता दार मोकळं झालं. सगळे मिळेल त्या खुर्चीवर बसले आणि बसल्यावर मग त्यांच्या लक्षात आलं, की काहीतरी विपरीत घडलंय. मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "तिकडेही असंच म्हणतात वाटतं."

अध्यक्षेने कसाबसा माईक पुढे धरला. "आपण... आमची भाषा कुठे शिकलात?"

"आईच्या मांडीवर," पाहुणा म्हणाला.

"मग आपला देश?"

"देश कसला? नदीपलीकडच्या डेपोत कंडक्टर आहे मी."

चिटणीस भिंतीला टेकला.

पाहुण्याने मात्र माईक हातात घेतला आणि लोकांकडे बघून बोलायला लागला. आवाज अजून फाटका होता. "माझ्या गळ्यातली गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, परवानगी देईपर्यंत एक शब्दही काढायचा नाही. डोक्यावर टोपी नि गळ्याला रुमाल बांधून बहिणीकडे येऊन पडलो. कंडक्टर माणूस, बोलल्याशिवाय कसा जगणार? त्यात लोक काय करायचे, मी बोलत नाही म्हणून माझ्याशी ओरडून बोलायचे, जसा काही मी बहिरा. बहीणसुद्धा. आणि या दुकानात हा माणूस भेटला." त्याने चिटणिसाकडे हात केला. "मला बोलता येत नाही हे बघितलं आणि त्याने स्वतःचं बोलणं बंद केलं. माझ्यासाठी! रोज तासभर माझ्याबरोबर मुका बसला. सख्खा भाऊ करणार नाही असं. आज सकाळी डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. पहिला शब्द याच्यासाठी राखून ठेवला होता मी. तो तुमच्या त्या दारात खर्च झाला."

कुणी हसलं नाही. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. अध्यक्षेचे डोळे भरून आले होते. ती चिटणिसाकडे अशा काही नजरेने बघत होती, की आज त्याने मागितलं असतं तर तिने त्याला जन्मभरासाठी चिटणीस केलं असतं. नुसतं गप्प राहायचं होतं. आणि गप्प राहायची तर त्याला आता चांगली सवय झाली होती.

पण पाहुणा त्याच्याकडे बघून इतका मनापासून हसत होता, की चिटणिसाला ते सहन होईना. तो मंचावर गेला.

"तसं नाही रे," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्याशी तोंडाने बोलत होता, त्यामुळे अरे म्हणावं की अहो, याचा विचारच झाला नाही. "मला वाटलं, तू परदेशी आहेस. तुला आमचं काही कळत नाही म्हणून गप्प होतो. तू तक्ता वाचला नाहीस ना! तुझ्या गळ्याबिळ्याचं मला काही माहीत नव्हतं."

पाहुण्याने मागे वळून फलक पाहिला. नव्या चष्म्यातून त्याला साता समुद्रांचं एकेक अक्षर स्वच्छ वाचता आलं. तो हसायला लागला. हसता हसता गळा दुखायला लागला, म्हणून त्याने रुमाल दाबून धरला आणि तसाच हसत राहिला. मग सगळं सभागृह हसलं. जपान आणि ब्राझील एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते. त्यानंतर नाच, वेशभूषा, भाषणं सगळं झालं, पण ते कुणाला फारसं आठवत नाही.

कार्यक्रम संपल्यावर चिटणिसाने किल्ली काढून अध्यक्षेपुढे धरली.

"राहू दे ना, काका."

"परदेशी आला नाही. ठरलं ते ठरलं."

तिने ती घेतली. दुसऱ्यांदा 'राहू दे' म्हणाली नाही. का म्हणावं? कधीपासून वाट बघत होती बिचारी. तिने किल्ली पर्समध्ये टाकली, दोन पावलं गेली आणि परत आली. "काका, त्या पंख्याचं बटण कुठलं?"

"डावीकडचं. हळू दाब, झटका बसतो."

पोरांनी खुर्च्या परत पोचवल्या. उन्हं कलली तेव्हा व्हरांड्यात दोनच उरल्या होत्या. एक ताईची, एक पाहुण्याने आणलेली. चिटणिसाचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि रिकामाच बाहेर आला. त्याला रडू आलं. भिंतीकडे तोंड करून त्याने चष्मा पुसला.

पाहुणा जवळ येऊन उभा राहिला. "छान झाला कार्यक्रम," तो म्हणाला.

"हो ना," चिटणीस म्हणाला.

"ऊनही कमी झालंय."

"हो, झालंय."

मग दोघांनाही काही सुचेना. महिनाभर कधी विषय संपला नव्हता, आणि आता दोघांना बोलता येत असताना एका वाक्याची मारामार. पाहुण्याने घसा खाकरला. चिटणिसाने रस्त्याकडे पाहिलं. खुर्ची उचलून घराकडे निघावं, असं त्याला वाटलं. पण घरी जाऊन करायचं काय?

तेवढ्यात पाहुण्याने आपली खुर्ची पायाने त्याच्याकडे सरकवली आणि स्वतः ताईच्या खुर्चीवर टेकला. मंडळाचा नियम कुणीतरी त्याला सांगितला असावा. मग एक शब्द न बोलता त्याने हात पुढे केला आणि तीन बोटं खाली धरली.

चिटणीस बसला. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला बसलेलं त्याला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मग त्याने तीन बोटं वर केली.